पुन्हा पहिला दिवस

बुधवारी सकाळी वृषाली मांडवात पोचली तेव्हा भैरवपेठेत कडाक्याची थंडी होती. प्रांत कार्यालयाच्या आवारातली कुत्रीसुद्धा उन्हाचा तुकडा शोधून त्यात अंग मुडपून पडली होती. मांडवातल्या बायका डोक्यावरून शाली ओढून एकमेकींना खेटून बसल्या होत्या. आणि मधोमध गादीवर बसलेली तिची आई मात्र शाल बाजूला टाकून वर्तमानपत्राच्या घडीनं वारा घेत होती.

"आलीस? नोकरी सोडून कशाला धावत आलीस?" इंदुमती खैरमोडे म्हणाल्या. "मी काय पहिल्यांदा बसलेय का उपोषणाला?"

वृषालीनं आईचा हात हातात घेतला. तो तापलेल्या इस्त्रीजवळ नेल्यासारखा ऊन होता.

"ताप आहे तुला?"

"ताप नाही. बघून गेले ना डॉक्टर. नुसतं उकडतंय."

खैरमोडे सिस्टरांना भैरवपेठ तालुक्यात ओळखत नाही असं घर नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी इथल्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणं केली होती. निवृत्त झाल्यावरही त्यांचा पाय रुग्णालयातून निघाला नव्हता. काही वर्षांपूर्वी एकदा रुग्णवाहिकेसाठी त्या नऊ दिवस उपाशी बसल्या होत्या, एकदा नळाच्या पाण्यासाठी अकरा दिवस, आणि दोन्ही वेळा जिंकून उठल्या होत्या. या खेपेला मागणी प्रसूती विभागाची होती. डॉक्टर मिळत नाहीत म्हणून तो विभाग बंद करून जिल्ह्याच्या गावी हलवला होता. मधे चाळीस किलोमीटर आणि एक घाट. दिवाळीनंतर गावातल्या आशा सेविका सगुणा लोखंडे यांची सून त्या घाटात जीपमध्ये बाळंत झाली आणि तिथंच गेली. सगुणाबाई आता सिस्टरांच्या उशाशी बसून होत्या. सिस्टरांना पाणी देणं, पाठ चोळणं, कुणाला किती वेळ बोलू द्यायचं हे ठरवणं, सगळं त्यांच्याकडे होतं.

दहा वाजता सरकारी वैद्यकीय अधिकारी डॉ. मुनीर पटवेकर पुन्हा आले. उपोषणाला बसणाऱ्या प्रत्येकाच्या दंडावर आता रुपयाएवढी चकती चिकटवावी लागे. रक्तातली साखर, नाडी आणि अंगाचं तापमान दर पाच मिनिटांनी त्या चकतीतून प्रांत कार्यालयाच्या पडद्यावर उमटत असे. डॉक्टरांनी सिस्टरांना काट्यावर उभं केलं.

"चौपन्न," ते म्हणाले, आणि वहीत लिहिता लिहिता थांबले. "सोमवारी किती होतं?"

"साडेअठ्ठावन्न," सगुणाबाईंनी सांगितलं.

"पहिल्या दोन दिवसांत पाणी उतरतंच. अजून घाबरण्यासारखं काही नाही." डॉक्टर म्हणाले खरं, पण त्यांनी काटा उचलून तो बिघडलेला तर नाही ना, हे पाहिलं.

काटा बरोबर आहे हे त्या मांडवात फक्त वृषालीलाच कळलं होतं.

वृषाली जिल्ह्याच्या गावी एका चयापचय केंद्रात औषधनिर्माती होती. दोन वर्षांपूर्वी तिची आई ब्याण्णव किलोंची होती. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की धाप. आठवड्याला घ्यायची ती जुनी इंजेक्शनं आईनं दोनदा घेतली होती. भूक मरायची, वजन उतरायचं, आणि इंजेक्शन थांबलं की वर्षभरात सगळं परत. आईला वाटायचं, आपल्याच जिभेचा दोष. वृषालीनं तिला समजावून सांगितलं होतं, की दोष जिभेचा नाही. वजन उतरलं की शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. मग ते काटकसर सुरू करतं. तेवढंच चालायला, तेवढंच श्वास घ्यायला ते आधीपेक्षा कमी इंधन जाळतं. माणूस पूर्वीपेक्षा कमी खाऊनही फुगत जातो, ते या काटकसरीमुळं.

मग 'लघिमा' नावाचं नवं औषध आलं. सहा महिन्यांत तीन डोस, बस. ते भुकेला हात लावत नव्हतं. मेंदूतून निघणारा काटकसरीचा हुकूम जिथं पेशींपर्यंत पोचतो, तिथली कळच ते कायमची बंद करत असे. शिवाय मानेजवळची आणि पाठीतली थोडी चरबी ते अशी चेतवून ठेवी, की ती साठून न राहता उष्णता होऊन जळत राही. वजन उतरलं की उतरलं. परत येण्याची वाटच राहत नसे. पहिला डोस वृषालीनं स्वतःच्या हातानं टोचला होता. दीड वर्षानं आई गावच्या डोंगरावरच्या देवळात एका दमात चढून गेली आणि वरून फोन करून लहान मुलीसारखी हसली होती. वृषालीला आयुष्यात इतकं धन्य कधी वाटलं नव्हतं.

औषधाबरोबरच्या कागदावर बाराव्या मुद्द्यात एक ओळ होती : 'अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त उपवास टाळावा.' ती तिनं वाचली होती. आईला सांगितलीही होती. आई म्हणाली होती, "मी कुठं एकादशी करते?" आणि दोघी पुढच्या मुद्द्याकडे वळल्या होत्या.

मांडवाच्या मागं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहून वृषालीनं तिच्या केंद्राच्या प्रमुखांना, डॉ. देवस्थळींना, फोन लावला.

"तिसरा दिवस?" देवस्थळींनी विचारलं. "वृषाली, ताबडतोब खायला घाल त्यांना."

"ती नाही खाणार, सर. नक्की काय होईल ते सांगा."

"नक्की कुणालाच माहीत नाही. चाचणीसाठी माणसं कुणी आठवडाभर उपाशी ठेवत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून जे दिसलं ते सांगतो. तुझ्यामाझ्यासारखा माणूस उपाशी राहिला, की तिसऱ्या दिवसापासून शरीर आग मंद करतं आणि स्नायू राखून ठेवतं. म्हणून माणसं महिनाभरसुद्धा काढतात. तुझ्या आईंमध्ये मात्र ती कळ बंद आहे. उलट उपासाच्या ताणानं जी संप्रेरकं सुटतात, ती त्या चेतवलेल्या चरबीला आणखी भडकवतात. अंग गरम लागतंय?"

"हो."

"म्हणजे तेच. चरबी आधीच कमी आहे, ती संपत आली की स्नायू. आणि हृदय हाही स्नायूच आहे. त्यात रक्तातलं पोटॅशियम ढळलं तर..." ते हिशेबावर आले. "त्यांचा एक दिवस म्हणजे दुसऱ्याचे पाच-सहा दिवस धर."

दुपारी बायका जेवायला पांगल्यावर वृषालीनं आईला सगळं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांना वाईट बातम्या दिल्या होत्या, त्यामुळं स्वतःची ऐकताना ती गडबडली नाही.

"म्हणजे किती दिवस आहेत माझ्याकडे?"

"आई, दिवस मोजायचे नाहीत. उठायचं आहे."

"आणि सगुणेला काय सांगू? माझं इंजेक्शन आड आलं, आता घरी जाते?"

"तुझ्या जागी दुसरं कुणी बसेल. साखळी उपोषण करा."

"अठरा दिवस केलं साखळी उपोषण. शिपाईसुद्धा निवेदन घ्यायला बाहेर आला नाही. एकच माणूस रोज खंगताना दिसलं तरच ह्यांना जाग येते. हे मी ठरवलेलं नाही बाळा, पण आहे ते असं आहे."

"मग निदान सगळ्यांना खरं सांगू दे."

आईचा चेहरा पहिल्यांदा कठीण झाला. "बारीक व्हायचं औषध घेतलेली बाई उपाशी बसलीय, असं? फोनाफोनांवर चित्रं काढतील लोक. सगुणेच्या सुनेचं नाव कुणाच्या तोंडी राहणार नाही, माझ्या वजनाचंच राहील. साहेबांना सांगायचं तर सांग. बाकी कुणाला नाही."

वृषाली प्रांताधिकाऱ्यांना भेटली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं.

"ताई, मी आजच वर कळवतो. पण स्पष्ट बोलू का? तिसऱ्या दिवशी कुणी फाइल उघडत नाही. पहिला आठवडा सगळे वाट बघतात, माणूस आपणच उठतो का ते. हे औषध, ही कळ, हे मी कोणत्या रकान्यात लिहू? तज्ज्ञांचा दाखला आणा. आणि त्यांना दवाखान्यात हलवायचं, तर त्या शुद्धीत असताना त्यांच्या इच्छेविरुद्ध मला नाही हलवता येत."

डॉ. देवस्थळींनी दाखला लिहायचं कबूल केलं, पण तो औषध कंपनीच्या वकिलांना दाखवून. वकिलांनी सोमवार दिला.

गुरुवारी काटा साडेएक्कावन्नावर आला. आईच्या गालांची हाडं वर आली होती. बोलताना ती मधेच थांबून शब्द शोधत होती आणि नाडी मधूनच एखादा ठोका गिळत होती. वृषालीनं मनगट धरून तीन वेळा मोजली. मग ती उठली, आणि आपल्या बॅगेतून एक पांढरी पूड काढून तिनं ती पाण्याच्या बाटलीत विरघळवली. ज्यांना गिळवत नाही अशा रुग्णांना देतात ती पूड. पिठासारखी दिसते, चवीला जवळजवळ काहीच लागत नाही, आणि पोटात गेली की साखर होते. तिनं सोबत थोडं पोटॅशियमही मिसळलं. चकती साखर टिपणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं हिशेबानं थोडी थोडीच घातली. दोन-दोन तासांच्या अंतरानं तीनदा. इतकी लहान वाढ कोण बघत बसलंय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"आज मी देते पाणी, सगुणामावशी. तुम्ही जरा टेका," ती म्हणाली. सगुणाबाई तिला दुवा देत खांबाला टेकल्या आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा डोळा लागला.

तीन वाजेपर्यंत आईच्या ओठांना रंग आला. साडेचारला तिनं माइक मागून घेतला आणि बसल्या जागेवरून दहा मिनिटं बोलली. घाटातल्या जीपविषयी, टॉर्चच्या उजेडात नाळ कापण्याविषयी. आवारात उभे असलेले कारकूनसुद्धा ऐकत राहिले. वृषाली मागं बसून बघत होती. आपण काय केलंय याची लाज तिला तेव्हा वाटली नाही. आई बोलतेय, एवढंच तिला दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी डॉ. पटवेकर आले ते काटा न घेताच. त्यांनी वृषालीला बाजूला नेलं.

"काल दुपारी बारा, दोन आणि चार. तीन उंचवटे आहेत साखरेच्या आलेखात. मोठे नाहीत. पण उपाशी माणसात उंचवटेच नसतात." त्यांचा आवाज खाली आला. "मी काही बोललो नसतो. पण तो पडदा माझ्या एकट्याच्या समोर नाही."

ते बोलत असतानाच मांडवात फोन वाजायला लागले. आलेखाचं चित्र कुणीतरी बाहेर सोडलं होतं. खाली लिहिलं होतं : 'उपोषण की नाश्ता?' रस्त्यावरून जाणारा एक मोटरसायकलवाला गाडी थांबवून ओरडला, "सिस्टर, भजी पाठवू का?" मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघी-तिघी पायताणं शोधू लागल्या. सगुणाबाई उठून सिस्टरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर, खरं सांगा. माझ्या सुनेची आण आहे."

इंदुमतीबाईंनी त्यांच्या हातातल्या फोनमधलं चित्र डोळ्यांजवळ धरून बघितलं. बारा, दोन, चार. मग त्यांनी मान वळवली आणि वृषालीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. वृषालीला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

तिनं माइक उचलला. "आईला काही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पाण्यात मी मिसळलं. माझी आई मरते आहे." आणि मग, आईनं नको म्हणून सांगितलेलं सगळं ती बोलून गेली. लघिमा, ती बंद पडलेली कळ, पहिला डोस कुणी टोचला, सगळं. मांडवातल्या काही जणी रडू लागल्या. पण गेटपाशी उभा असलेला घोळका हसला, आणि संध्याकाळपर्यंत तेच हसू सगळ्या तालुक्यातल्या फोनांवर फिरत राहिलं.

त्याच सकाळी अकरा वाजता प्रांत कार्यालयाचं पत्रक आलं. त्यात म्हटलं होतं, की उपोषणकर्तीनं अन्नग्रहण केल्याचं आढळल्यानं उपोषण संपुष्टात आल्याचं मानण्यात येत आहे.

इंदुमतीबाईंनी पत्रक दोनदा वाचलं. मग मांडवाच्या खांबाला लावलेली पाटी त्यांनी सगुणाबाईंना काढून आणायला सांगितली. पाटीवर खडूनं लिहिलं होतं, 'उपोषणाचा पाचवा दिवस'. त्यांनी पदराच्या टोकानं 'पाचवा' पुसलं. खडू धरायला बोटं वळत नव्हती, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं, पण त्यांनी ते स्वतःच लिहिलं : 'पहिला'.

"आई!" वृषाली किंचाळलीच. "कुणाला दाखवायचंय तुला हे? तुझं शरीर नाही मोजणार पुन्हा पहिल्यापासून!"

"शरीर नसेल मोजत. माणसं मोजतात." आई म्हणाली. "काल मी जे बोलले ते कुणाच्या बळावर बोलले, सांग? तुझ्या पुडीच्या. लोकांना वाटलं, माझ्या." तिला धाप लागली. "मी तुझी आई, म्हणून तू काळजी केलीस. मी रागावले नाही. पण आता पाणी सगुणा देईल. तू नुसती जवळ बस."

"आणि तू बेशुद्ध पडलीस तर?"

"शुद्धीत आहे तोवर नाही म्हणजे नाही. नंतर तुझं तू ठरव. ते मी तुझ्यावर सोडते."

वृषाली जवळ बसून राहिली. तो दिवस आणि शनिवार. पाटीवर पहिला आणि दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी कुणी वार्ताहर येत नाही, पुढारी येत नाहीत. प्रांत कार्यालयाला शनिवारची सुट्टी होती. पडद्यासमोर एक पहारेकरी होता. डॉ. पटवेकर मात्र तीनदा येऊन गेले. त्यांनी दोनदा सिस्टरांसमोर हात जोडले. तिसऱ्यांदा ते नुसतेच बसले. त्यांचा स्वतःचा मुलगा सिस्टरांच्याच हातून जन्मला होता, हे ते कुणाला तरी सांगत होते.

आईच्या अंगाची धग कमी होत नव्हती. मांड्यांवरचं मांस उतरून कातडी सैल लोंबत होती. ती वृषालीच्या हाताला हात लावून पडायची, कारण वृषालीचा हात गार होता. मधेच तिनं विचारलं, "डोंगर चढले होते ना मी?"

"चढली होतीस. एका दमात."

"छान वाटलं होतं गं," आई म्हणाली. "ते उगाच नव्हतं." एवढंच बोलून तिनं डोळे मिटले. वृषालीनं ते शब्द पुढं कितीदा आठवून पाहिले, पण त्यांत माफी होती की नुसती आठवण, हे तिला कधी ठरवता आलं नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला सगुणाबाईंनी पाण्याचा पेला ओठांना लावला, तो ओठांवरून तसाच ओघळला. वृषालीनं हाक मारली. मग गालावर चापट्या मारल्या. डॉ. पटवेकर धावत आले, त्यांनी पापणी उघडून बघितली आणि वृषालीकडे पाहिलं.

"न्या तिला," वृषाली म्हणाली. "सही कुठं करू?" तिनं एक क्षणही घेतला नाही.

बायकांनी गादीसकट सिस्टरांना उचललं. ग्रामीण रुग्णालय समोरच, रस्ता ओलांडून. अपघात विभागाच्या खाटेवर डॉक्टरांनी सुई लावली आणि सलाइन थेंब थेंब सोडलं. एकदम साखर दिली तर पोटॅशियम आणखी घसरतं, म्हणून ते घाई करत नव्हते. हृदयाच्या यंत्रावर रेघ वेडीवाकडी नाचत होती. जिल्ह्याच्या गावाहून अतिदक्षतेची गाडी निघाली होती. ती घाट चढत असताना रेघ थांबली. डॉ. पटवेकरांनी छाती दाबायला सुरुवात केली. बरगड्या इतक्या उघड्या पडल्या होत्या की त्यांचे हात आपोआप हलके पडत होते, आणि ते स्वतःलाच शिव्या देत पुन्हा जोरानं दाबत होते. पंचवीस मिनिटांनी सगुणाबाईंनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मृत्यूच्या दाखल्यावर उपोषणाचा तिसरा दिवस अशी नोंद झाली. डॉ. पटवेकरांनी ती खोडून सातवा लिहिलं. त्याबद्दल त्यांना खुलासा द्यावा लागला.

प्रसूती विभाग महिनाभरानं सुरू झाला. एक डॉक्टर, दोन खाटा. उद्घाटनाला वृषाली गेली नाही. सगुणाबाईंनी बोलावणंही पाठवलं नव्हतं. त्याच महिन्यात एक परिपत्रक निघालं : उपोषणास बसू इच्छिणाऱ्यानं लघिमा किंवा तत्सम औषध घेतलेलं नसल्याचं प्रमाणपत्र सादर करावं, अन्यथा उपोषणास परवानगी मिळणार नाही. तोवर राज्यात चाळीस लाख लोकांनी ते घेतलं होतं. त्या चाळीस लाखांचा उपाशी बसण्याचा हक्क एका ओळीत गेला, आणि त्यावर फारसं कुणी काही बोललं नाही.

मार्चमध्ये औषध कंपनीच्या संशोधन विभागातून एका शास्त्रज्ञाचा फोन आला. तरुण वाटत होता. तो अडखळत, अदबीनं बोलत होता. लघिमा घेतलेलं माणूस सात दिवस उपाशी राहिल्याची ही जगातली एकमेव नोंद होती. चकतीतले आकडे अभ्यासाला मिळाले तर पुढं इतरांचे जीव वाचतील, त्या कळीवर उतारा शोधता येईल. वारस म्हणून वृषालीची संमती त्यांना हवी होती.

"देते," वृषाली म्हणाली.

"आभारी आहे, मॅडम. आणखी थोडी माहिती हवी होती. चौथ्या दिवशी साखरेत तीन वाढी दिसतात. त्या..."

"माझ्यामुळं आहेत. बारा वाजता आठ ग्रॅम, दोनला आठ, चारला दहा. सोबत पोटॅशियम." तिनं पुडीचं नाव सांगितलं, पाण्याचं माप सांगितलं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता.

"रुग्णाला याची कल्पना होती?"

"नव्हती."

"नंतर कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"आणि मग त्यांनी..." त्याच्या रकान्यात बसेल असं काहीतरी तो शोधत असावा. "म्हणजे, त्यानंतर त्यांनी काय केलं?"

वृषाली केंद्राच्या काउंटरवर उभी होती. समोरच्या बाकावर एक लठ्ठ बाई आपल्या तिसऱ्या डोसची वाट बघत, मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. वृषालीनं तिला हातानंच थांबायची खूण केली.

"तिनं पहिल्यापासून सुरुवात केली," ती म्हणाली. "तसंच लिहा."